वापरातलं सोनं

बँकेचं पत्र आलं तेव्हा चौथा रोजा होता. शाळा सुटून दुपारी घरी आले, घसा कोरडा, डोकं जड, आणि दाराच्या कडीत अडकवलेला खाकी लिफाफा. आत अर्ध्या पानाचा मजकूर. तुमचा लॉकर तीन वर्षांहून जास्त काळ उघडलेला नाही, तरी शाखेत येऊन कारण लिहून द्यावं आणि नव्या करारनाम्यावर सही करावी. सात वर्षं लॉकर उघडला नाही आणि लॉकरधारकाचा पत्ता लागला नाही, तर भाडं भरलेलं असलं तरी बँक तो उघडू शकते, हेही खाली बारीक अक्षरात होतं. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे म्हणे.

पत्र मी फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकलं. कारण लिहून द्यायचं म्हणजे काय लिहायचं? वेळ मिळाला नाही? इतकी वर्षं?

त्या पत्राचा आणि जकातीचा, म्हणजे मालमत्तेतून दरवर्षी गरिबांसाठी काढायच्या हिश्श्याचा, संबंध लगेच नाही लागला. तो लागला दुसऱ्या दिवशी सहेरीला, पहाटे पावणेपाचला चहा गाळताना. हे दुकानाच्या जकातीचे आकडे सांगत होते, नेहमीप्रमाणे वहीच्या मागच्या पानावर, आणि मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "माझं काही नाही. माझं सगळं वापरातलं." बोलता बोलता नजर फ्रिजवर गेली.

थोडं मागे जाऊन सांगायला हवं. माझं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई. सासर गोव्यातल्या फोंड्याचं, पण मूळ घाटावरचं; आजेसासरे बेळगावकडून व्यापाराला आले आणि इथलेच झाले. ते हनफी. शाफई आणि हनफी हे सुन्नींचे दोन मजहब, म्हणजे शरियत समजून घेण्याच्या दोन वाटा. बाहेरच्या माणसाला हा फरक कळत नाही आणि घरातही तो रोज उठून दिसतो असं नाही. नमाजात हात कुठे बांधायचे, आमीन मोठ्याने म्हणायची की मनात, असल्या गोष्टी. आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या.

हनफी मतानं पाण्यातली मासळी तेवढी चालते, शिंपल्यातलं काही नाही. आम्हा शाफईंना समुद्रातलं चालतं. सासूबाई होत्या तोवर तिसऱ्यांचं सुकं वेगळ्या टोपात शिजायचं आणि फक्त माझ्या आणि मुलीच्या ताटात पडायचं. हे समोर बसून वास घ्यायचे. सासूबाई गेल्यावर एका रविवारी म्हणाले, "जरा रस्सा वाढ. रस्स्यात काय असतं?" पुढच्या रविवारी रस्सा नव्हता, सुकंच होतं, तरीही खाल्लं. तेव्हापासून हे तिसऱ्यांपुरते शाफई आहेत.

आणि मी सोन्यापुरती. हनफींमध्ये सोनं म्हणजे सोनं. अंगावर घाला नाहीतर पेटीत ठेवा, निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची मर्यादा, भरला की वर्षाला अडीच टक्के जकात. शाफई मतात बाईच्या वापरातल्या, रीतीला धरून असलेल्या दागिन्यांना ती माफ आहे. लग्नाच्या आदल्या रात्री आईने मेहंदीचे हात धरून कानात सांगितलं होतं, "तिकडे कुणी काही म्हटलं तर आपला मजहब सांगायचा." आईने त्या रात्री आणखी बरंच सांगितलं होतं. त्यातलं एवढंच मी एकोणतीस वर्षं तंतोतंत पाळलं.

शनिवारी बँकेत गेले. लॉकर सांभाळणारी मुलगी माझ्याच शाळेतली निघाली, चौथीला होती माझ्याकडे. "बाई, बसा ना," म्हणत तिने माझं कार्ड काढलं. पिवळट जाड कागद, उभ्या रेघा, तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, सही. शेवटची ओळ १२ डिसेंबर २०१९ ची. भाच्याचं लग्न. राणीहार घातला होता, त्याने मान दुखली म्हणून वलिम्याला, लग्नानंतरच्या दावतीला, घातलाच नाही. त्याच्या वरची ओळ २०१६ ची. त्याच्या वरची २०१३ ची. खाली सगळं कार्ड कोरं.

मुलीने सही करायला बोट ठेवून जागा दाखवली. मी सही करत होते आणि डोक्यात हिशोब चालला होता: बारा वर्षांत तीनदा. बाराही नाही, सव्वाअकरा.

तिची चावी, माझी चावी. माझी फिरेना, तिने पेन्सिलीचं शिसं घासून दिलं. आत गुलाबी कागदाच्या पुड्या होत्या तशाच होत्या. एक राणीहार, आईकडचा. एक चंद्रहार, सासरचा. तोडे, झुमक्यांचे दोन जोड, टिका, आणि पाटल्या. पाटल्या माझ्या. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात आली तेव्हा मी त्या एकटीने जाऊन केल्या होत्या, कुणाला न विचारता. त्या पहिल्यांदा हातात सरकवल्या तेव्हाचा गार स्पर्श मला अजून आठवतो, आणि तेव्हा जे वाटलं त्याला अभिमान म्हणावं की हाव, हे नीट सांगता येणार नाही.

करारनाम्याला मुद्रांक कागद लागतो आणि संयुक्त लॉकर असल्यामुळे ह्यांचीही सही लागते, असं मुलीने सांगितलं. कारणाचा रकाना असलेला फॉर्म घडी करून पर्समध्ये घातला आणि पुड्या घेऊन बाहेर पडले. भर बाजारातून. शिगम्याचे दिवस, कुठेतरी ढोल वाजत होते, आणि मी पर्स छातीशी धरून चाललेय, आतमध्ये एकोणतीस वर्षं.

आमचे शेट तिसऱ्या पिढीचे सोनार. त्यांना म्हटलं, विकायचं नाही, फक्त वजन करून द्या, निव्वळ. ते हसले. "जकात?" त्यांना सगळं ठाऊक असतं. रमझानात निम्म्या बायका वजन करायला येतात, म्हणाले, आणि त्यातल्या निम्म्या वजन ऐकून परत पुड्या बांधतात.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण मी स्वतः फसता फसता राहिले. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शेटच्या दुकानातला तोळा आता दहा ग्रामचा आहे. त्या हिशोबाने निसाब ७५ ग्राम होतो आणि तो चूक आहे. निसाबातला तोळा जुना, ११.६६४ ग्रामचा. साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्राम. चांदीचे साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्राम. माझ्याकडच्या सोन्याला ७५ आणि ८७ चा फरक पडणार नव्हता, पण ज्यांचं काठावर असतं त्यांना पडतो.

शेटनी एकेक नग काट्यावर ठेवला. हाराच्या मण्यांमधली लाख वजा, खडे वजा, टिक्याचे मोती वजा. ही वजाबाकी त्यांनी मनातल्या मनात केली आणि बिलाच्या पाठीवर लिहिली. भरलेलं वजन २१४ ग्राम, निव्वळ १९८. पाटल्या ३२.४०, लाख नाही, खडा नाही. अंगावरच्या चार बांगड्या, साखळी आणि कुड्या मी मोजायला दिल्याच नाहीत. त्या खरंच वापरातल्या. आंघोळीलाही काढत नाही.

बावीस कॅरेटचा भाव त्या दिवशी ग्रामला आठ हजारांच्या थोडा वर होता. मोडीला ८,१०० धरा, म्हणाले शेट. १९८ गुणिले ८,१००. सोळा लाखांच्या वर. मी आकडा दोनदा मोजला. सोळा लाख रुपये मी गुलाबी कागदात गुंडाळून ठेवले होते आणि मशिदीबाहेर बसणाऱ्या म्हातारीला दर जुम्म्याला दहा रुपये देऊन मला बरं वाटत होतं.

घरी येऊन मी माहेरच्या मौलानांना फोन लावला. इथल्या इमामसाहेबांना विचारलं नाही, कारण ते हनफी. त्यांचं उत्तर माहीत होतं. मला माझ्या मजहबचं उत्तर हवं होतं. खरं सांगायचं तर मला हवं असलेलं उत्तर हवं होतं. मौलाना आता ऐंशीच्या घरातले, वडिलांचे दोस्त, मला अजून "बाय" म्हणतात.

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "वापरातलं असेल तर नाही, बाय. पण मला सांग, शेवटचं कधी घातलंस?"

मी सांगितलं, २०१९.

"बरं. घालायचं म्हणून ठेवलंयस की ठेवायचं म्हणून ठेवलंयस?"

मी म्हटलं, मुलीच्या लग्नासाठी ठेवलंय.

"मुलीला दिलंस?"

"लग्नात देणार."

"म्हणजे दिलं नाहीस. मग ते तुझंच. तिचं असतं तर तिचा हिशोब, तिची जकात. 'मुलीसाठी' नावाचा मालक नसतो, बाय." मग थोडं थांबून, "आणि भाव वाढला की काय म्हणतेस?"

हा प्रश्न त्यांना कुठून सुचला असेल देव जाणे. कारण त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, की २०१९ ला ग्रामला साडेतीन हजारांच्या आसपास होतं, आता बघा, बँकेत ठेवलं असतं तर एवढं झालं असतं का? मुदत ठेवीच्या व्याजाला मी हात लावत नाही, हे मी नेहमी मोठ्या तोऱ्यात सांगते. सोन्याचा भाव मात्र रोज सकाळी मोबाइलवर बघते.

मी फोनवर गप्प बसले. मौलाना म्हणाले, "वापराला माफी आहे. साठ्याला नाही. तुझी नियत तुला माहीत, मी रत्नागिरीत बसून काय सांगणार?" आणि फोन ठेवण्याआधी, "मागच्या वर्षांचंही बघ हं."

मागच्या वर्षांचं! ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. डिसेंबर २०१९ नंतरचे रमझान मोजले: वीस, एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, आणि हा पंचवीसचा. सहा. २०१३ ते २०१९ चं काय, असं कुणी विचारेल. मी स्वतःलाही विचारलं. त्या काळात मी ते घालण्यासाठीच ठेवलं होतं असं माझं मन सांगतं, आणि माझं मन या बाबतीत किती भरवशाचं आहे ते वर आलंच आहे. मी २०१९ वर थांबले. यापलीकडे जायची हिंमत झाली नाही.

रात्री हे तरावीहच्या नमाजाहून आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले. मुलगी वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात काम करते, तिने लॅपटॉपवर तक्ता करून दिला. १९८ चे अडीच टक्के जातात, उरलेल्याचे पुढच्या वर्षी अडीच टक्के, असं सहा वेळा. बेरीज २७.९० ग्राम. त्या दिवशीच्या मोडीच्या भावाने दोन लाख सव्वीस हजारांच्या आसपास.

मी ह्यांच्याकडे बघून म्हटलं, "अहो, आपलं लग्न गोव्यात नोंदवलंय. कायद्याने अर्धं सोनं तुमचं. अर्धी जकात तुम्ही भरा."

हे मी गमतीत म्हटलं, पण त्यात गंमत फारशी नव्हती. आमच्याकडे, म्हणजे गोव्यात, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना तोच पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा. १९३७ चा शरियत कायदा इथे लागूच नाही. १९९६ मध्ये निकाहाआधी आम्ही दोघांनी सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन दोनदा सह्या केल्या. आधी इराद्याची सही, मग काही दिवस नोटीस, मग पक्की सही. लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता आपोआप सामाईक होते, निम्मी निम्मी. आम्ही कुठला करार करणार? दोनदा सही करायची म्हणजे काय ते मला कुणी सांगितलंही नव्हतं. मी दोन्ही वेळा नवी साडी नेसून गेले, एवढंच.

आणि शरियत म्हणते, बायकोचं ते बायकोचं, नवऱ्याचं ते नवऱ्याचं. जकात ज्याची त्याने द्यायची. आता मालक कोण?

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ठीक. अर्धं सोनं माझं. मग दुकानातला अर्धा माल तुझा. अर्धी उधारीही तुझी. अर्धी जकात त्याची भर. त्या कंत्राटदाराचे एक लाख चाळीस हजार येणं आहे दोन वर्षांपासून, त्यातले सत्तर तुझे. वसूल करायला तू जा."

मुलगी हसायला लागली. पण हेही खरं आहे की आयकराच्या कायद्यात आम्हा गोवेकरांसाठी वेगळं कलम आहे, आणि आमचा सीए दरवर्षी दुकानाचं उत्पन्न अर्धं माझ्या नावावर दाखवतो. पगाराला ती वाटणी नाही, माझा पगार माझाच. म्हणजे सरकारला आम्ही एकोणतीस वर्षं सांगतोय की दुकान दोघांचं, आणि अल्लाहला सांगतोय की दुकान ह्यांचं, सोनं माझं. दोन्हीकडे सोयीचं तेच.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी इमामसाहेबांना विचारलं. ते बिहारचे, चारच वर्षं झाली इथे येऊन. त्यांना आधी हा कायदाच पटेना. "बायको सही करत नाही तर तुम्ही आपलं घर विकू शकत नाही?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाले, कायद्याचे कागद कायद्यासाठी. तुम्ही दोघं मनाने कुणाची मालकी मानता ते आपसात ठरवा, लिहून ठेवा, आणि दरवर्षी तेच माना. सोयीने बदलू नका.

तर आम्ही वहीत लिहिलं. सोनं माझं. दुकान ह्यांचं. घर दोघांचं, पण राहत्या घरावर जकात नसल्याने त्याची चर्चा नाही.

लिहिता लिहिता ह्यांच्या देण्याच्या यादीवर आलो. घाऊक व्यापाऱ्याचे बाकी, लाइट बिल, आणि मग हे एकदम थांबले. "तुझा मेहर राहिलाय."

मेहर म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. अकरा हजार ठरला होता. पाच हजार निकाहात दिले, सहा हजार उधार. आमच्या दोन्हीकडच्या समाजात उधार मेहराचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एकतर पहिल्या रात्री नवरी लाजत 'माफ केला' म्हणते, नाहीतर नवऱ्याचा जनाजा उठताना बायका तिला तसं म्हणायला लावतात. मी पहिल्या रात्री म्हणाले नव्हते, कारण ह्यांनी विचारलंच नव्हतं. मग विषयच निघाला नाही.

मी म्हटलं, "९६ साली तोळा पाच हजारांच्या आसपास होता. सोन्याच्या भावाने द्या."

"आता कुठल्या मजहबने बोलतेस?" असं म्हणून हे उठले आणि दुकानाच्या बॅगेतून पाचशेच्या बारा नोटा मोजून टेबलावर ठेवल्या. कायद्याने त्यातल्या सहा माझ्याच होत्या. मी काही बोलले नाही, घेतल्या. अजून कपाटात आहेत.

त्याच यादीत एक ओळ आणखी होती, ती लिहायची की नाही असं आज सकाळपासून चाललंय माझं. खालचा गाळा तीन वर्षं आम्ही दारूच्या दुकानाला भाड्याने दिला होता. घराचा हप्ता डोक्यावर होता आणि तो माणूस इतरांपेक्षा दीडपट द्यायला तयार होता. गोव्यात हे इतकं सरसकट आहे की कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत, मशिदीतल्यासुद्धा. इमामसाहेबांनी सांगितलं, त्यावर अडीच टक्के नाही. ते पैसे आपले नव्हतेच, सगळे सवाबाची, म्हणजे पुण्याची, आशा न धरता देऊन टाका. ते पैसे वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये आहेत. हे दर महिन्याला थोडे थोडे काढतायत. याहून जास्त यावर लिहीत नाही.

दोन लाख सव्वीस हजार माझ्या खात्यात रोख नव्हते. म्हणजे होते, पण ते डिसेंबरसाठी, मुलीच्या लग्नाच्या हॉलसाठी. मोठ्या नणंदेने फोनवर उपाय सांगितला. "अगं, वाटून टाक. थोडं मुलीच्या नावाने, थोडं भावजयीच्या नावाने, प्रत्येकीकडे साडेसात तोळ्यांच्या आत. वर्ष उलटलं की परत घे. सगळे करतात." त्या वाईट नाहीत. हज करून आल्यात, तहज्जुद, म्हणजे मध्यरात्रीनंतरची नमाज, चुकवत नाहीत. त्यांच्या लेखी हा लबाडीचा भागच नाही, घर चालवण्याचा आहे.

मुलगी ऐकत होती. म्हणाली, "अम्मी, हे आमच्या कंपनीत मार्चमध्ये सगळे करतात. फक्त तिथे त्याला टॅक्स प्लॅनिंग म्हणतात." आणि मग तिच्याच लक्षात आलं की उपाय चालणारही नव्हता. सोनं एकटं असेल तर ८७.४८ ग्राम, पण सोबत रोख रक्कम असली की इथे बहुतेक मौलाना सगळ्याची किंमत करून चांदीच्या निसाबाला लावतात. चांदी तेव्हा किलोला लाखाच्या घरात होती, म्हणजे निसाब साधारण एकसष्ट हजार. तिच्या खात्यात त्याहून दुप्पट पडून होते, वर्षाहून जास्त. सोनं नको म्हणणारी, हातात नुसतं स्मार्टवॉच घालणारी ही पोरगी स्वतःच साहिबे-निसाब निघाली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी? मी तर अजून स्कूटरचा हप्ता भरते."

"हप्ता वजा कर," हे म्हणाले.

मग काय विकायचं? राणीहार आईचा, आई नाही. चंद्रहार सासरचा, तो लग्नात मुलीच्या गळ्यात पडणार हे सगळ्या खानदानाला माहीत. पाटल्या तेवढ्या कुणाच्याच नव्हत्या, माझ्या होत्या. म्हणून त्याच.

त्या रात्री झोप आली नाही. लहानपणी मदरशात ऐकलेली हदीस आठवत राहिली, एका बाईची मुलगी हातात सोन्याची जाड कडी घालून आलेली, रसूलल्लाहनी, म्हणजे पैगंबरांनी, विचारलं, ह्याची जकात देता का? नाही म्हटल्यावर, आगीची कडी आवडतील का, असं विचारलं. तिने ती तिथेच काढून दिली. आणि हेही मला माहीत होतं की पैगंबरांच्या पत्नी बीबी आयशा आपल्या अनाथ भाच्यांच्या दागिन्यांची जकात काढत नसत. दोन्ही खरं. मला लहानपणापासून दुसरी गोष्ट जास्त आवडायची.

सतराव्या रोजाला शेटकडे गेले. त्यांनी पाटल्या मशीनवर तपासल्या, मग विचारलं, "मोड की बदली, बाई?" मी म्हटलं, मोड. त्यांनी खणातून एक कडं काढून मखमलीवर ठेवलं. नवं, जाळीचं काम, आत फिरकीचा फासा. "ह्यात थोडी भर घातली की हे येईल. मोडीत घट जाते, बदलीत मी घट धरत नाही."

मी ते हातात घातलं. बसलं. अगदी बसलं. दुकानात एसी होता, तोंड कोरडं होतं, आणि मी आरशात हात वर करून बघत उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. शेट दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले, परत आले. पोटात अन्न नाही, पाणी नाही, संध्याकाळपर्यंत तोंडात थेंब जाणार नाही, आणि मला त्या क्षणी ते कडं इतकं हवं होतं की रोजा असल्याची आठवण मला तहानेने झाली, इमानाने नाही.

मोडच केली. घट जाऊन दोन लाख सत्तावन्न हजार खात्यात आले. पाटल्या त्यांनी कात्रीने मधोमध कापल्या, समोरच. ती रीत आहे. मी दुसरीकडे बघितलं.

पैसे कुणाला, हे सगळ्यात सोपं जाईल असं वाटलं होतं. रमझानात बाहेरगावच्या मदरशांची माणसं पावतीपुस्तकं घेऊन येतात. त्यांना थोडं दिलं. मशिदीच्या रंगकामाला जकातीचे पैसे चालत नाहीत, कुणा माणसाच्या हातात पडावे लागतात, हे इमामसाहेबांनी समितीला तोंडावर सांगितलं ते मला आवडलं. मोठी रक्कम नात्यातल्या एकाला दिली. खाणपट्ट्यातला आहे, कोण ते लिहीत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्याचे दोन ट्रक होते. मग थोड्या सुरू झाल्या म्हणून त्याने ट्रकवर पुन्हा कर्ज काढलं, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. जकातीचे आठ हकदार सांगितलेत त्यात कर्जात बुडालेला एक आहे. आजवर आम्ही त्याला ईदला बिर्याणी पाठवायचो. तो स्वतः दहा वर्षांपूर्वी जकात देणारा होता, म्हणून जकात हा शब्द मी काढला नाही. घेणाऱ्याला तसं सांगायची सक्ती नाही. 'तुझ्या काकांचे दुकानातले जरा मोकळे झाले' असं म्हटलं. त्याला कळलं असणार. त्याने डोळे वर केले नाहीत.

ईद झाली. डिसेंबरच्या लग्नाची बोलणी पुन्हा सुरू झाली. मुलाकडचे बेळगावचे, भले लोक, दीनदार. त्यांनी निरोप दिला: आम्हाला काही नको, हुंडा हराम आहे, मुलीला फक्त साजेसं घाला. मांडव साधा, हळद तर नकोच, ती आपली रीत नाही. इकडे आमच्या शेजारच्या काकींनी हळदीला कोण कोण बसणार त्याची यादीही केलीय. माझ्या लग्नाची हळद त्यांनीच दळली होती. नणंद म्हणते, पाटल्या विकायला नको होत्या, साजेसं म्हणजे त्यांच्यात किमान पंचवीस तोळे. मुलगी म्हणते, चंद्रहार पुरे, तोही आताच माझ्या नावे करून दे, माझी जकात मी काढीन. हे म्हणतात, बघू. मी अजून काहीच म्हटलेलं नाही. सकाळी भाव मात्र बघते.

एप्रिलमध्ये मुद्रांक कागद, ह्यांची सही, उरलेल्या पुड्या घेऊन बँकेत गेले. मुलीने कार्ड पुढे केलं, तारीख टाकली. मग म्हणाली, "बाई, तो फॉर्म?"

फॉर्म पर्समध्येच होता, महिनाभर घडीत, कडा मऊ झालेल्या. 'लॉकर न उघडण्याचे कारण', आणि पुढे दीड ओळ जागा. मी तिचंच पेन घेतलं आणि लिहिलं: दागिने वापरात नव्हते.

तिने वाचलं. "चालेल," म्हणाली, आणि शिक्का मारला.